दानपेटीतला फोटो

पोलीस ठाणे : मल्लेलगुट्टा
जबाब लिहून घेणार : हेड कॉन्स्टेबल यादगिरी
जबाब देणार : गड्डम भाग्यम्मा, वय अंदाजे ५९ वर्षे, धंदा – मूल सांभाळणे, राहणार – हैदराबाद, मालकांच्या बंगल्यामागची खोली. मालकांचं नाव आणि बंगल्याचा पत्ता विचारला असता सांगण्यास नकार.

मला ठाण्यात विचारल्यावरून मी समोर बसून सांगते की, फिर्यादीत लिहिलेल्यापैकी बरंचसं मी केलेलं आहे. कसं केलं आणि का केलं ते सांगते. मला कोणी धमकावलेलं नाही, उलट चहा दिला.

मी वरील ठिकाणी पाच वर्षांपासून राहते आणि एक लेकरू सांभाळते. लेकराचे आईवडील दोघंही सिनेमात आहेत. त्यांना सगळे ओळखतात, म्हणूनच नाव सांगत नाही. यादगिरीसाहेबांनी तीन हिरोंची नावं घेऊन माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हटलं, सगळं लिहायचं तर सगळं लिहा.

लेकरू मुलगा की मुलगी, हे लिहावं लागतं असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, लेकरू लिहा. नावही सांगणार नाही. आत्ता ते कुठे आहे हेही सांगणार नाही. ते जेवलं आहे, एवढं सांगते.

फिर्यादी कट्टा साईचरण, वय ३२, धंदा फोटोग्राफर, याला मी चार वर्षांपासून ओळखते. तो आणि त्याच्यासारखे आणखी काही जण आमच्या फाटकासमोर बदामाच्या झाडाखाली कॅमेरे घेऊन बसलेले असतात. आमच्या लेकराचा चेहरा अजून कोणी पाहिलेला नाही. तो पहिल्यांदा कोण टिपतो, याची त्यांच्यात चुरस आहे. उन्हाळ्यात मी त्यांना ताक नेऊन देते, कढीपत्ता घातलेलं. लेकराच्या आईला मी अम्मा म्हणते. अम्मा एकदा मला म्हणाल्या, "भाग्यम्मा, ज्यांच्यापासून आपण लपतोय त्यांनाच तू ताक पाजतेस?" मी म्हटलं, "अम्मा, ते उन्हात बसलेत. आपण घरात पंख्याखाली बसून लपतोय."

साईचरण मला पेद्दम्मा म्हणतो, आईच्या थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. माझे यजमान एकदा मला भेटायला फाटकाशी आले होते. तेव्हा हाताला चाळा म्हणून त्याने त्यांचा एक फोटो काढला. पुढे ते वारले, तेव्हा हार घालायला घरात दुसरा धड फोटो नव्हता. तोच साईचरणने मोठा करून, चौकटीत घालून आणून दिला. पैसे घेतले नाहीत. त्या वेळी त्याने माझ्यासमोर कॅमेऱ्याचं झाकण उघडून आतलं कार्ड काढलं आणि तळहातावर ठेवून दाखवलं. म्हणाला, "पेद्दम्मा, पेदनान्ना यात आहेत." यजमानांना तो पेदनान्ना म्हणायचा. कॅमेऱ्यातलं कार्ड कुठून निघतं हे मला कसं माहीत, असं तुम्ही विचारलं, म्हणून हे सांगितलं.

आता लेकराविषयी. बंगल्यापासून थोड्या अंतरावर एक बाग आहे. मी रोज संध्याकाळी मागच्या दाराने लेकराला तिथे नेते. तिथल्या बायकांना वाटतं, माझ्या मुलीचं पोर आहे. त्या मला म्हणतात, "भाग्यम्मा, तुझं नातवंड फार आगाऊ आहे गं." आहेच. झोक्यासाठी त्याला रांगेत उभं राहावं लागतं. कोणी "आधी तू" म्हणत नाही. मधे घुसलं तर बाकीची पोरं ढकलून देतात. एकदा एका पोराने दंडाला चावा घेतला. घरी आल्यावर लेकराने ती खूण सगळ्यांना दाखवली, स्वयंपाकीणबाईंना दाखवली, ड्रायव्हरला दाखवली, एखादं बक्षीस मिळाल्यासारखी. वडील शूटिंगवरून आले तेव्हा त्यांनाही दाखवली. ते बराच वेळ त्या दंडाकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, "भाग्यम्मा, मलाही एकदा घेऊन चल ना त्या बागेत." मी म्हटलं, "बाबू, तुम्ही आलात तर बागच उरणार नाही." त्यांना कित्येक वर्षांत कुठल्याच रांगेत उभं राहायला मिळालेलं नाही.

चेहरा एकदा लोकांपुढे गेला की दुसऱ्या दिवसापासून ती बाग बंद. तो झोका बंद, ती ढकलाढकली बंद. माझ्या दृष्टीने या सगळ्या भानगडीत गेलं असतं ते हेच. कार्डाची किंमत फिर्यादीत लिहिली आहे, झोक्याची कुठे लिहिलेली नाही, म्हणून मी सांगते.

आज आम्ही या गुट्ट्यावर, म्हणजे टेकडीवरच्या देवळात, जावळासाठी आलो होतो. लेकरू दिवस भरायच्या आत जन्मलं होतं. बरेच दिवस हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होतं आणि आम्ही बाहेरून बघायचो. तेव्हा मी नरसिंहस्वामींना नवस बोलले की हे जगलं तर याचं जावळ तुझ्या पायाशी. आईबापांना विचारलं नाही. पिवळ्या फडक्यात एक नाणं बांधलं आणि ती पुरचुंडी माझ्या पेटीत ठेवली. एकदा शूटिंग, एकदा घरात सुतक, असं करत पाचवं वर्ष लागलं. आणखी थांबले असते तर स्वामींनी मला सोडलं नसतं.

आईवडिलांनी यायचं नाही असं ठरलं. ते आले की त्यांच्या मागे सगळं गाव येतं. म्हणून सकाळी ते दोघं मोठ्या गाडीतून विमानतळाच्या दिशेने गेले आणि झाडाखालची सगळी मंडळी त्यांच्या मागे गेली. साईचरण तेव्हा झाडाखाली नव्हता. मला वाटलं, आजारी असेल, बरंच झालं. मागाहून मी, लेकरू आणि लेकराचे मामा एका साध्या भाड्याच्या गाडीतून निघालो. जावळ मामाच्या मांडीवरच व्हावं लागतं, त्यामुळे त्यांना आणणं भाग होतं.

निघण्यापूर्वी अम्मांनी स्वतः लेकराचे केस विंचरले. खूप वेळ विंचरत होत्या. दुपारी कापायचेच होते, तरी तेल लावून विंचरले. मी म्हटलं, "अम्मा, उशीर होतोय." त्या म्हणाल्या, "एक बट आणशील का मला?" मी म्हटलं, "नाही अम्मा. सगळे देवाचे." त्या बरं म्हणाल्या. फोटो काढून आण असं काही त्या म्हणाल्या नाहीत. आमच्या घरात लेकराचा फोटो कोणी काढत नाही, त्यांच्या स्वतःच्या फोनमध्येही एकसुद्धा नाही. फोनमधली वस्तू कधी कुठे जाईल सांगता येत नाही, असं ते दोघं म्हणतात.

जावळाच्या मंडपात आज गर्दी होती. साहेबांनी तो मंडप पाहिला आहेच. मुंडण होऊन डोक्याला चंदन फासलं की सगळी पोरं सारखीच दिसतात. माझ्यासमोर एक बाई भलतंच पोर काखेत मारून निघाली होती, तिच्या सासूने हाक मारून तिला परत आणलं. मी मनात म्हटलं, याच्याइतकी सुरक्षित जागा साऱ्या राज्यात नाही. लेकराला साधे कपडे घातले होते. मामांना टोपी घातली होती. माझा चेहरा झाकायचं मात्र कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही. माझ्याकडे कोण बघतं?

चूक झाली ती इथे. लेकराला कोणी ओळखत नव्हतं, पण मला ओळखत होते. चार वर्षं ताक पाजलं होतं ना.

मुंडणाची शेवटची बट उतरली तेवढ्यात मागून कोणीतरी "पेद्दम्मा!" अशी हाक मारली. हाक प्रेमाची होती, म्हणून मी वळले. साईचरण होता. सोबत त्याची बायको मौनिका, आणि खांद्यावर त्यांची वर्षाच्या आतली मुलगी, ताज्या मुंडणाची, चंदन लावलेली. तोही जावळालाच आला होता, सुट्टी घेऊन. गळ्यात कॅमेरा होता तो स्वतःच्या मुलीसाठी. मला बघून तो मनापासून हसला. मग त्याने माझ्याशेजारी टोपीवाल्या मामांकडे पाहिलं. मग त्यांच्या मांडीवर पाहिलं. हसायचा थांबला. मुलीला मौनिकाकडे दिलं आणि कॅमेरा वर केला. मौनिका म्हणाली, "अहो, आज तरी नको!" तोवर काढून झाला होता.

मी मामांना म्हटलं, लेकराला घेऊन गाडीत बसा आणि निघा. ते गेले. मग मी साईचरणला म्हटलं, "पूस तो."

तो म्हणाला, "पेद्दम्मा, चार वर्षं झाडाखाली बसलोय. आज कामावर नव्हतो, तरी देवाने समोर आणून ठेवलं. मी नाही काढला तर उद्या दुसरा काढेल. मी काढलेला निदान चांगला तरी असेल."

मी म्हटलं, "तुझ्या फोनवर तुझ्या लेकीचा बारशाचा फोटो आहे, त्यात तिच्या तोंडावर काय चिकटवलंयस?"

मौनिका म्हणाली, "फूल."

"का चिकटवलंय?"

"सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागते."

मी साईचरणला म्हटलं, "तुझ्या लेकीच्या तोंडावर फूल, आणि माझ्या लेकराचं तोंड उघडं?"

तो म्हणाला, "त्याला कसली दृष्ट लागतेय! सगळं राज्य माया करतं त्याच्यावर, पेद्दम्मा."

मी म्हटलं, "सगळं राज्य माया करायला लागलं की खेळायला कोणी उरत नाही रे."

हे त्याला थोडं लागलं असावं. पण फोटोचा अभिमानही होता. म्हणाला, "आधी बघ तरी. मग बोल." आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मला फोटो दाखवला.

फोटोत जे होतं ते असं :

(येथील पाच ओळी जबाब देणारीच्या सांगण्यावरून खोडल्या आहेत. – यादगिरी, हे. कॉ.)

मी म्हटलं, "चष्मा घरी राहिलाय. जरा जवळ धरू दे." त्याने गळ्यातला पट्टा काढून कॅमेरा माझ्या हातात दिला. मी कॅमेरा हिसकावला असं फिर्यादीत आहे, ते बरोबर नाही. त्याने विश्वासाने दिला. हिसकावून घेतला असता तर आता मला एवढं टोचलं नसतं.

मी झाकण उघडून कार्ड काढलं. नवसाची पुरचुंडी माझ्या हातातच होती, आज ती वाहायची होती. तिच्यात नाण्याशेजारी कार्ड घातलं, गाठ मारली आणि समोरच्या दानपेटीत टाकली. चोरायचा माझा हेतू नव्हता. चोरलेली वस्तू आपल्यापाशी राहते. ही माझ्यापाशी राहिली असती तर त्याने गोड बोलून उद्या परत नेली असती, आणि मी दिली असती. मी स्वतःला ओळखते. म्हणून जिथून मलाही परत काढता येणार नाही अशा जागी ठेवली.

त्यावर साईचरणने दानपेटीच्या फटीत हात घातला. हात मनगटापर्यंत गेला आणि अडकला. देवळाचे राखणदार काठ्या घेऊन धावले, "पेटीत हात घातला, धरा!" मी मधे पडले. म्हटलं, "हा चोर नाही. हा माझ्या ओळखीचा आहे." राखणदार म्हणाला, "मग चोर कोण?" मी म्हटलं, "मी. पण मी आत टाकलंय, बाहेर काढलेलं नाही." हे त्याच्या डोक्यात बसेना. शेवटी मौनिकाने पिशवीतलं खोबरेल तेल लावून नवऱ्याचा हात सोडवला. देवस्थानच्या कारकुनाने सांगितलं की पेटीत पडलं ते स्वामींचं झालं, आता अधिकाऱ्यांसमोर पेटी उघडेल तेव्हा काय ते बघू.

तेव्हा मौनिका रडायला लागली. त्यांच्या मुलीच्या जावळाचे सगळे फोटो त्याच कार्डात होते. साईचरण म्हणाला, "आज सकाळपासूनचे सगळे, पेद्दम्मा. आईच्या मांडीवरचे, मेहुण्याच्या मांडीवरचे, पहिली बट पडली तो. सगळे." हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसले. जावळ पुन्हा होत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. हे कुठल्या कलमात बसतं मला माहीत नाही, पण लिहा.

त्यानंतर साईचरण रागाने फिर्याद द्यायला निघाला. माझी गाडी गेलेली होती, म्हणून त्याच्याच गाडीत बसून मीही ठाण्यात आले. वाटेत त्याची मुलगी माझ्या मांडीवर झोपली.

फिर्याद देऊन झाल्यावर तो बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला. जरा वेळाने म्हणाला, "पेद्दम्मा, कार्ड निघालं तर मी तो फोटो कुणाला विकणार नाही. फक्त मॅडमना पाठवतो, लेकराच्या आईला. त्यांनी जावळ पाहिलंच नाही ना? एवढा एक पाठवतो आणि पुसून टाकतो."

मला मोह झाला, हे कबूल करते. अम्मांनी सकाळी विंचरलेले ते केस माझ्या डोळ्यांसमोर आले. मग म्हटलं, "नको. एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या फोनवर गेलं की ते दोघांचं राहत नाही. तूच मला शिकवलंस हे, झाडाखाली बसून." तो म्हणाला, "आणि त्यांना दाखवायचं कसं मग?" मी म्हटलं, "माझं तोंड आहे की."

नंतर तो म्हणाला, "फोटो चांगला होता ना, पण?" मी म्हटलं, "तुझ्या आयुष्यात यापेक्षा चांगला फोटो तू काढणार नाहीस." तो हसला, आणि मग त्याने तोंड फिरवलं.

माझं म्हणणं असं आहे की पेटी उघडेल तेव्हा कार्ड साईचरणच्या हातात द्यावं. त्याच्या मुलीचे फोटो त्याने घ्यावेत, आमचा तेवढा पुसावा. तो पुसतो की नाही हे बघायला मी येणार नाही, आणि पोलिसांनीही उभं राहू नये. त्याने आज माझ्यावर विश्वास ठेवून कॅमेरा दिला होता, आता विश्वास ठेवायची पाळी माझी. कार्ड उन्हाने, धुळीने, नाण्यांच्या भाराने खराब झालं तर त्याची भरपाई मी माझ्या पगारातून देईन. ज्याची भरपाई होत नाही, त्यासाठी दर उन्हाळ्यात ताक देईन. पुरचुंडीतलं नाणं मात्र पेटीतच राहू द्यावं, ते स्वामींचं आहे.

फिर्यादीत साईचरणने आमच्या मालकांचं नाव लिहिलेलं नाही. त्याने मला सांगितलं की बातमी दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून लिहिलं नाही. आता त्याचं कारण वेगळं असावं, असं मला वाटतं. पण त्या फिर्यादीत त्याने स्वतःच्या मुलीचं नाव लिहिलं आहे. तेही खोडावं अशी माझी विनंती आहे. कागद हातोहात फिरतात. लेकरू ते लेकरू. साहेबांनी साईचरणला दारातून विचारलं, त्याने मान हलवली, आणि नाव खोडलं.

हा जबाब मला सुरुवातीपासून वाचून दाखवला. फोटोत काय होतं ते मी बोलण्याच्या भरात सांगून गेले होते आणि साहेबांनी अगदी मी बोलले तसंच उतरवलं होतं. त्या ओळी वाचताना यादगिरीसाहेब हसले. शेजारच्या टेबलावरच्या बाई लिहायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अय्यो, पुन्हा वाचा ना साहेब." साहेबांनी पुन्हा वाचल्या. दारातला शिपाईही आत आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हाही फोटोच झाला. त्या ओळी मी खोडायला लावल्या, वरून दोन वेळा रेघ मारून घेतली, आणि कागद उजेडाकडे धरून बघितलं. काही दिसत नाही. घरी अम्मा जेवायच्या थांबल्या असतील. त्यांना मी त्या तोंडी सांगेन, त्या म्हणतील तितक्या वेळा.

बाकी सगळं मी सांगितलं तसंच लिहिलं आहे आणि ते बरोबर आहे. खोडलेल्या ओळीही बरोबर होत्या.

सही : गड्डम भाग्यम्मा
समक्ष : यादगिरी, हेड कॉन्स्टेबल